मामा, तुमच्या वहीबद्दल

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी शाळेने तुमचा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिले, भाषणे झाली आणि सांस्कृतिक विभागाची प्रमुख म्हणून मीही चार शब्द बोलले. परंतु ज्या गोष्टीसाठी तुमचे आभार मानायला हवे होते, ती त्या दिवशी मला ठाऊकच नव्हती. समारंभ संपल्यावर भांडाराच्या किल्ल्यांबरोबर तुम्ही निळ्या पुठ्ठ्याची एक जाडजूड वही माझ्या हाती दिलीत. मी ती टेबलाच्या खणात ठेवली आणि पालखीच्या आठवड्यात पहिल्यांदा उघडली. आज शाळेचे एक संपूर्ण वर्ष त्या वहीच्या आधाराने पार पडले आहे. हे पत्र मी सर्वांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही दिलेल्या घंटेवर वर्गात गेलेल्या आणि घंटेवर घरी गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनाही हे कळायला हवे.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात विसावते, तेव्हा पेठांमधल्या इतर अनेक शाळांप्रमाणे आपल्याही वर्गांत वारकऱ्यांचा मुक्काम असतो. बाके हलवायची, सतरंज्या घालायच्या, पाण्याची पिंपे भरायची, एवढे मला माहीत होते. वहीतल्या नोंदींनी मला त्यापलीकडचे पाहायला शिकवले. वयस्कर माणसे असलेल्या दिंडीला तळमजल्यावरचेच वर्ग द्यावेत, रात्री जिन्यातला दिवा मालवू नये, ओली लुगडी आणि धोतरे वाळत घालण्यासाठी मागच्या व्हरांड्यात दोरी आधीच बांधून ठेवावी, आणि नववीच्या मुलांना सेवेला बोलवायचे तर त्यांना नुसते पाणी वाटायला न लावता एकेका आजोबांजवळ बसवावे, असे तुम्ही लिहून ठेवले होते. मी तसेच केले. अभ्यासात कधीही स्थिर न बसणारा आमचा एक विद्यार्थी त्या संध्याकाळी दीड तास एका शेतकरी आजोबांचे पाय चेपत बसला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला त्यांच्या गावच्या पेरणीची, लांबलेल्या पावसाची आणि चालत आलेल्या वाटेची सगळी हकीकत सांगितली. त्याची ती हकीकत भूगोलाच्या तासाला पूर्ण वर्गाने ऐकली.

आषाढी एकादशीच्या आपल्या दिंडीबद्दल लिहिताना मात्र मला थोडे थांबावे लागेल, कारण वहीतील ज्या पानाने मला सर्वांत अधिक शिकवले ते पान याच दिंडीचे आहे. दरवर्षी मुली नऊवारी नेसून, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन ग्रंथांच्या पालखीपुढे चालतात. भांडारात नऊवारी लुगड्यांनी भरलेली एक पत्र्याची पेटी आहे, हे मी इतकी वर्षे पाहत होते. ती नाटकासाठी असावी, असे मी गृहीत धरले होते. ती लुगडी तुम्ही निवृत्त शिक्षिकांकडून आणि पेठेतल्या आजींकडून एकेक करून जमवली होती, हे मला वहीतून कळले. त्याच पानावर अशी सूचना होती की, दिंडीच्या आदल्या दिवशी ही पेटी सर्व मुलींसाठी उघडावी, कोणाकडे लुगडे आहे आणि कोणाकडे नाही असे वर्गात कधीही विचारू नये, आणि ज्यांच्या घरी नऊवारी आहे त्यांनाही पेटीतलेच नेसायला द्यावे. माझ्या पूर्वीच्या सूचनापत्रात मी 'ज्यांना शक्य आहे त्यांनी नऊवारी नेसून यावे' असे दरवर्षी लिहीत आले. त्या एका वाक्यामुळे कितीजणी दिंडीच्या दिवशी पोटदुखीचे कारण सांगून घरी राहिल्या असतील, याचा विचार मी कधीही केला नव्हता. तुम्ही तो केलात आणि मला न दुखावता, माझ्या सूचनापत्राला धक्का न लावता, त्यावरचा उपाय भांडारात तयार ठेवलात. यंदा मी ते वाक्य काढून टाकले. आठवीच्या सर्व तुकड्यांतली एकही मुलगी त्या दिवशी गैरहजर नव्हती.

गणपतीबाबतच्या तुमच्या नोंदी बहुतेक शाडूच्या मातीविषयीच होत्या. शाळेची मूर्ती शाडूचीच असावी, ती पिंपात बुडेल एवढीच असावी, विसर्जनानंतर तळाशी बसलेली माती गाळून, वाळवून पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेसाठी पोत्यात भरून ठेवावी, अशा त्या नोंदी होत्या. सहावीच्या मुलांनी या वर्षी ज्या मातीने मूर्ती घडवल्या, तीत मागच्या कितीतरी वर्षांच्या मूर्तींची माती होती, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी ती किती जपून हाताळली, ते तुम्ही पाहायला हवे होते. ढोल-ताशा पथकांत जाणाऱ्या मुलामुलींविषयीही तुम्ही एक ओळ लिहिली होती: लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, तेव्हा त्यानंतर शाळेत आल्यावर ज्यांचे डोळे मिटत असतील त्यांना त्या दिवशी फळ्यावर बोलावू नये. ही ओळ मी शिक्षक-कक्षात मोठ्याने वाचून दाखवली.

भोंडल्याच्या बाबतीत माझी चूक झाली, ती येथे नमूद केली पाहिजे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि त्या दिवसांत पुण्यात दुपारनंतर पाऊस कोसळतो, हे पुण्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तुम्ही वहीत लिहिले होते की, हत्ती पाटावर काढावा आणि पाट व्हरांड्यात आणता येईल असा ठेवावा. मुलींच्या आग्रहामुळे मी मैदानाच्या मधोमध रांगोळीचा भला मोठा हत्ती काढू दिला. फेर धरून दोन गाणी होतात न होतात तोच पाऊस आला आणि हत्ती वाहून गेला. पाचवीच्या लहान मुली रडू लागल्या. तेव्हा मला तुमचा पाट आठवला. भांडारातून तो काढून व्हरांड्यात मांडला, मावशींनी डब्यातले तांदूळ आणले, आणि दहावीच्या मुलींनी लहान मुलींचे हात धरून तांदळाचा हत्ती काढला. त्यानंतरचा भोंडला अरुंद जागेत, खांबांना वळसे घालत झाला आणि तो मला आजवरच्या सर्व भोंडल्यांपेक्षा अधिक भावला. खिरापत ओळखण्याचा खेळही तुमच्या पद्धतीनेच घेतला: विकतची पाकिटे न आणता प्रत्येक तुकडीने एकच पदार्थ घरून आणायचा, डबा हलवून, आवाज ऐकून तो ओळखायचा, आणि ओळखणारीने आधी सेवकांना वाढायचे. अलीकडे खिरापतीचे सरळ पाकीट वाटण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे. तीत पदार्थ हाती पडतो, पण खेळ हरवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

खंडेनवमीला पाटीपूजनाबरोबर घंटा, खराटा, प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक आणि बागेतले खुरपे यांचीही पूजा तुम्ही का मांडत होता, ते मुलांना आता मी सांगते. दसऱ्याला मैदानाकडेच्या आपट्याच्या फांद्या न तोडता गळालेली पानेच वाटण्याचा तुमचा नियम पाळला. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरले, परंतु सुट्टीत रोज पाणी घालायला तुमच्यासारखे कोणी नव्हते, त्यामुळे उत्तरेचा बुरूज यंदा हिरवा झाला नाही.

संक्रांतीच्या पानावर तुम्ही नुसती यादी केली होती. चौकातले वाहतूक पोलीस, व्हॅनवाले काका, शाळेचा कचरा उचलणारे महापालिकेचे कर्मचारी, स्नेहसंमेलनाचा आवाज सहन करणारे समोरच्या वाड्यातले आजी-आजोबा, कोपऱ्यावरचे वह्या-पेनांचे दुकानदार. तिळगूळ प्रथम यांना आणि मग वर्गांत, एवढेच वर लिहिले होते. इतकी वर्षे १४ जानेवारीच्या सकाळी तुम्ही तासभर कोठे जात होता, असा प्रश्न मला पडत असे, आणि एकदा मी त्याबद्दल तुमच्याकडे नाराजीही व्यक्त केली होती. त्या नाराजीबद्दल मी आज तुमची क्षमा मागते. या वर्षी ती यादी घेऊन मी आणि सातवीची चार मुले फिरलो. प्रत्येक दारात पहिला प्रश्न तुमच्याविषयी होता, आणि समोरच्या वाड्यातल्या आजींनी तुमच्यासाठी वेगळी ठेवलेली तिळाची वडी माझ्याजवळ दिली, ती तुमच्यापर्यंत पोहोचली असेलच.

सावित्रीबाईंच्या जयंतीला ३ जानेवारीस, मराठी भाषा गौरव दिनी २७ फेब्रुवारीस आणि दहावीच्या निरोपाच्या दिवशी मैदान आवरण्याचे काम मुलांनीच केले. कार्यक्रम संपल्यावर शेवटची सतरंजी घडी होईपर्यंत कोणी दप्तर उचलायचे नाही, हा तुमचा दंडक आता फलकावर लिहिण्याचीही गरज उरलेली नाही. आठवीची मुले तो पाचवीच्या मुलांना स्वतःच सांगतात.

मामा, वहीतील कोरी पाने आता मी लिहू लागले आहे. पाटाची नोंद मी दोनदा लिहिली आहे. पेटीतल्या दोन लुगड्यांचे काठ विरले होते, ते शिवून घेतले, तेही लिहिले. एक अडचण मात्र उरली आहे. पालखीच्या पानावर खालच्या कोपऱ्यात पाणी सांडून तीन ओळी फिसकटल्या आहेत. 'मागच्या दाराची' एवढेच शब्द वाचता येतात. १५ जूनला शाळा सुरू होईल आणि त्यानंतर लवकरच पालख्या पुण्यात येतील. मागच्या दाराचे काय करायचे असते, ते सांगण्यासाठी तुम्ही एकदा शाळेत यावे, अशी विनंती आहे. चहा मावशींच्या हातचाच असेल, आणि घंटा तुम्हीच द्यावी, अशी पाचवीच्या मुलांचीही इच्छा आहे.

तुमची कृतज्ञ,
सांस्कृतिक विभागाच्या बाई