‘माहिती ठेवलेली नाही’ या उत्तरापुढचा प्रश्न

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संसदेच्या अधिवेशनाच्या बातम्या वाचताना सभागृह किती वेळा तहकूब झाले, फलक कोणी झळकावले आणि सभात्याग कोणी केला, हे हल्ली अगदी तपशिलात कळते. मात्र त्याच दिवशी विरोधी सदस्यांनी मंत्र्यांना काय विचारले आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले, याला आतल्या पानावर चार ओळीसुद्धा क्वचितच मिळतात. मी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेला कर्मचारी आहे आणि विधिमंडळाच्या प्रश्नांना द्यायच्या उत्तरांचे मसुदे तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे बाकाच्या पलीकडून प्रश्न कसा वाचला जातो याची मला थोडीफार माहिती आहे, आणि त्या अनुभवाच्या आधारे संसदेतील तीन उत्तरांबद्दल लिहावेसे वाटते.

सप्टेंबर २०२० चे पावसाळी अधिवेशन करोनाच्या छायेत भरले. त्यात प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला आणि शून्य प्रहर निम्म्यावर आणण्यात आला. फक्त लेखी उत्तरांचे अतारांकित प्रश्न तेवढे शिल्लक राहिले. याचा अर्थ सामान्य वाचकाच्या लक्षात चटकन येत नाही. तारांकित प्रश्नाचे छापील उत्तर पटलावर ठेवल्यानंतर सदस्याला उभे राहून पुरवणी प्रश्न विचारता येतो आणि मंत्र्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. विभागातील आम्हा मंडळींची झोप उडायची ती या पुरवणी प्रश्नांमुळे. मूळ उत्तर दोन ओळींचे असले तरी मंत्र्यांसाठी तयार करायची पूरक टिपणी पंधरा-वीस पानांची होत असे, कारण समोरचा सदस्य कुठून शिरेल याचा नेम नसे. अतारांकित प्रश्नाला ही धास्ती नसते. उत्तर छापले गेले की फाइल बंद करायची आणि पुढच्या कामाला लागायचे.

त्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, टाळेबंदीच्या काळात गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, याची राज्यनिहाय माहिती लोकसभेत विचारण्यात आली. अशी माहिती ठेवली जात नाही, असे तेव्हाचे केंद्रीय कामगार राज्यमंत्री संतोष गंगवार यांनी लेखी उत्तरात सांगितले. आणि मृतांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय, या पुढच्या भागाला उत्तर होते की वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यात परतल्याचा आकडा मात्र सरकारने त्याच दिवशी दिला. परतलेले मोजले गेले, वाटेत राहिलेले मोजले गेले नाहीत.

‘प्रश्न उद्भवत नाही’ हे शब्द मी स्वतः असंख्य वेळा लिहिले आहेत, त्यामुळे त्यांचा उपयोग मला ठाऊक आहे. प्रश्नाचा पहिला भाग नाकारला की उरलेले सगळे भाग या तीन शब्दांत गुंडाळता येतात. परंतु या उत्तरातील खरी मेख त्याच्या आधीच्या वाक्यात आहे. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे मंत्र्यांनी म्हटले असते, तर ते आश्वासन ठरले असते. लोकसभेची शासकीय आश्वासनांविषयीची समिती १९५३ पासून काम करते आहे आणि अशा आश्वासनाची पूर्तता साधारण तीन महिन्यांत व्हावी, अशी अपेक्षा असते. ‘माहिती ठेवली जात नाही’ हे विधान मात्र आश्वासन ठरत नाही. ते कोणत्याही समितीपुढे जात नाही, कोणतीही मुदत मागत नाही आणि पुढच्या अधिवेशनात कोणालाही त्याची आठवण करून द्यावी लागत नाही. मसुदा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याहून निर्धोक वाक्य नाही.

आपल्या वाचकांना ८ मे २०२० ची पहाट आठवत असेल. जालन्याच्या कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. करमाडजवळ थकून ते रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे सगळ्याच वृत्तपत्रांनी छापली होती. या घटनेची नोंद पोलिसांकडे होती, रेल्वेकडे होती आणि जिल्हा प्रशासनाकडेही होती. तरी ‘माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खोटे ठरत नाही, कारण कामगार मंत्रालयाने ती खरोखरच ठेवली नव्हती.

मात्र कामगार मंत्रालयाने सप्टेंबरमध्ये हे उत्तर दिले त्याच आठवड्यात राज्यसभेत वेगळेच घडले. तृणमूल काँग्रेसचे डेरेक ओब्रायन यांनी प्रश्न विचारला रेल्वे मंत्रालयाला, आणि तोही फक्त मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक विशेष गाड्यांत झालेल्या मृत्यूंबद्दल. रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी आकडा दिला : राज्यांच्या पोलिसांकडून मिळालेल्या माहितीनुसार ९ सप्टेंबरपर्यंत या गाड्यांत ९७ जणांचा मृत्यू झाला, ८७ मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवण्यात आले आणि ५१ अहवाल हाती आले. सरकार तेच होते आणि विषयही जवळपास तोच होता. फरक होता तो प्रश्न कोणत्या दारावर नेला यात आणि तो किती अरुंद ठेवला यात. रेल्वेच्या गाडीत मेलेल्या माणसाची नोंद कुठे ना कुठे होतेच, हे विचारणाऱ्याने ओळखले होते. प्रश्नोत्तराचा तास रद्द केल्याबद्दल जाहीर निषेध करणाऱ्यांत ओब्रायन आघाडीवर होते, तरी हाती जे उरले होते त्यातूनच त्यांनी हे काम करून घेतले. (करमाडचे १६ जण अर्थातच या ९७ मध्ये नाहीत. ते गाडीत नव्हते, रुळावर होते.)

तिसरे उत्तर २० जुलै २०२१ चे आहे आणि ते आपल्या अधिकच जवळचे आहे. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या तीव्र टंचाईमुळे रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने रुग्ण दगावले हे खरे आहे काय, असा काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल यांचा राज्यसभेतील प्रश्न होता. उत्तर दिले ते दोनच आठवड्यांपूर्वी आरोग्य राज्यमंत्री झालेल्या, आपल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार भारती पवार यांनी. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची माहिती राज्ये कळवतात आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेले नाही, असे त्या उत्तराचे सार होते. देशभर संताप उसळला. त्याच्या तीनच महिने आधी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाल्याने किमान २२ रुग्ण दगावले होते. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात ११ मे रोजी पहाटेच्या चार तासांत २६ रुग्ण गेल्याचे सांगून खुद्द तिथल्या आरोग्यमंत्र्यांनीच उच्च न्यायालयाने चौकशी करावी असे म्हटले होते.

संताप योग्यच होता, परंतु मला तेव्हा प्रश्नाच्या मसुद्याबद्दलही हळहळ वाटली. ‘मोठ्या संख्येने’, ‘तीव्र टंचाईमुळे’ असे शब्द प्रश्नात दिसले की उत्तर लिहिणाऱ्याला हायसे वाटते, कारण अशा प्रत्येक शब्दातून बाहेर पडायला वाट असते. मृत्यूच्या दाखल्यावर ‘ऑक्सिजन मिळाला नाही’ असे कारण लिहीत नाहीत. नाशिकचा प्रकार कागदोपत्री टंचाई नव्हे तर गळती ठरतो. आणि राज्यांनी कळवले नाही म्हटले की केंद्राची जबाबदारी तिथेच संपते. त्याऐवजी, एप्रिल आणि मे २०२१ मधील प्रत्येक दिवशी प्रत्येक राज्याने किती टन ऑक्सिजन मागितला, केंद्राने किती मंजूर केला आणि त्यापैकी किती प्रत्यक्ष पोहोचला, एवढेच विचारले असते तर? त्या काळात राज्यांना ऑक्सिजन वाटून देण्याचे काम केंद्राकडे होते. पहिल्या लाटेतील ३,०९५ टनांची कमाल मागणी दुसऱ्या लाटेत सुमारे ९,००० टनांवर गेली, हे तर त्याच उत्तरात लिहिलेले होते. म्हणजे मोजमाप होत होते. वाटपाच्या हिशेबाला ‘राज्यांचा विषय’ ही ढाल पुरली नसती.

येथे एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या वेळी महाराष्ट्रात महाविकास आघाडीचे सरकार होते आणि काँग्रेस त्यात सहभागी होती. तरी राज्यात ऑक्सिजनअभावी मृत्यू झाले नाहीत, अशीच भूमिका राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीही घेतली होती. दिल्लीत प्रश्न विचारणारा पक्ष मुंबईत उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर होता, आणि दोन्हीकडच्या मसुद्यांची भाषा मला सारखीच ओळखीची वाटली.

हे लेखी उत्तर पटलावर आले तेव्हा त्याच विषयावर तारांकित प्रश्न आणून पुरवणी प्रश्नांनी त्याचा पिच्छा पुरवायला हवा होता. पण ते अधिवेशन पेगॅसस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणावरून असे विस्कटले की लोकसभेचे कामकाज नियोजित वेळेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे झाले. पेगॅससवर चर्चा टाळणारे सरकार याला जबाबदार होतेच. तथापि रोजचा पहिला तास घोषणांत गेला की सर्वाधिक सुटका होते ती उत्तर देणाऱ्या मंत्र्याची, हे विरोधी पक्षांच्या नेत्यांना कोणीतरी सांगायला हवे. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत असतात आणि त्यांतील चार-पाचच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात; २७ नोव्हेंबर २०१९ रोजी वीसच्या वीस प्रश्न पुकारले गेले, तेव्हा १९७२ नंतर प्रथमच असे घडल्याची बातमी झाली. इतक्या थोड्या संधी असताना त्या वाया घालवणे कोणालाच परवडणारे नाही.

मी कोकणातला. आमच्या जुन्या राजापूर मतदारसंघाने आधी नाथ पै आणि मग १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवले. दंडवते विरोधी बाकावरून प्रश्न विचारत, आणि पुढे रेल्वेमंत्री व अर्थमंत्री झाल्यावर त्याच सभागृहात प्रश्नांना सामोरेही गेले. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कसब त्यांना अवगत होते. मूळचे पुण्याचे आणि बिहारमधून निवडून गेलेले मधु लिमये तर नियमावली कोळून प्यायले होते. आज खासदारांना संगणक, सहायक आणि माहिती अधिकाराचा कायदा हे सगळे उपलब्ध आहे, तरी एक मंत्रालय नकार देते तेव्हा दुसऱ्याच्या दप्तरात तीच माहिती शोधण्याचा खटाटोप करणारे थोडेच दिसतात.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती एवढीच आहे की, अधिवेशनाच्या काळात राज्यातील आणि गोव्यातील खासदारांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरे, मंत्र्यांच्या मूळ शब्दांसह, आठवड्यातून एकदा तरी अर्ध्या स्तंभात छापावीत. आणि आपला अंक वाचणाऱ्या एखाद्या विरोधी खासदाराला वाटलेच, तर नियमातील दीडशे शब्दांच्या मर्यादेत बसणारा हा मसुदा त्यांनी खुशाल वापरावा, विभाग बदलायची गरज भासली तर बदलावा :

कामगार मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय : (अ) स्थलांतरित मजुरांच्या प्रवासातील मृत्यूंची माहिती ठेवली जात नाही, या १४ सप्टेंबर २०२० च्या उत्तरानंतर अशी नोंद ठेवण्यास सुरुवात करण्यात आली आहे काय, (आ) असल्यास, कोणत्या दिनांकाच्या आदेशान्वये, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर त्यासाठी कोणता रकाना ठेवण्यात आला आहे, (इ) आजवरच्या नोंदींची वर्षनिहाय व राज्यनिहाय संख्या किती, आणि (ई) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?

आपला विश्वासू,
एक निवृत्त शासकीय कर्मचारी,
कणकवली