दुपारी झारी खाली ठेवायला शिकवणाऱ्या माळीकाकांना

माळीकाका,
सप्रेम नमस्कार.

वैशाखातली दुपार. पुण्यात पारा चाळिशीला टेकलाय, गल्लीत चिटपाखरू नाही आणि गच्चीवरच्या जास्वंदीनं माना टाकल्यात. तरी कुणी झारीला हात लावलेला नाही. हे श्रेय तुमचं, म्हणून हे जाहीर आभार.

भर उन्हात पानांतून पाणी उडून जातं त्या वेगानं मुळं ते वर पोचवू शकत नाहीत, म्हणून पानं लोंबतात. माती कोरडी असतेच असं नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओल लागली तर गप्प सावलीत बसायचं, ऊन उतरलं की पानं आपोआप उभी राहतात. संध्याकाळीही उभी राहिली नाहीत आणि माती ओलीच आहे, तर मुळं कुजू लागली असं समजायचं. दयेपोटी ओतलेल्या पाण्यानं किती जास्वंदी गेल्या असतील!

पाणी सकाळी सातच्या आत. बारा इंची कुंडीला साधारण दोन लिटर, तेही दोनदा, मध्ये दहा मिनिटं सोडून. सुकलेली माती कुंडीच्या कडेपासून सुटते, एकदम ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकातून बाहेर पडतं आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं. पार वाळलेली कुंडी टबात अर्धी बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देणारं असतं, ते फरशीवर सोडायचं. मातीवर दोन इंच पाचोळा किंवा उसाची चिपाडं, पण खोडापासून दोन बोटं लांब. हिरवी जाळी पन्नास टक्क्यांचीच, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. त्याहून दाट लावली की मोगरा नुसती पानं देतो.

मोगऱ्यासाठी तर तुमचे खास आभार. मेमधल्या फुलांची तयारी जानेवारीत करायची असते, हे कोण सांगतं? आठ-दहा दिवस पाणी तोडून ताण द्यायचा, मग झाड निम्म्यावर छाटायचं, उरलेली पानं ओरबाडायची आणि मूठभर निंबोळी पेंड व दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच येते. जुनी काडी राखणं म्हणजे फुलं घालवणं. बहर ओसरला की शेंडे दोन पेरं खाली खुडायचे, पुढचा बहर तिथूनच येतो. ऐन उन्हात मात्र जोरदार खत नको, मुळं करपतात.

टँकरचं जड पाणी सुरू झालं की मोगरा आणि अनंताची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक आणखी शेणखत घालतात. खरी कमतरता लोहाची. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला अर्धा ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारायचं. पानामागे बारीक जाळं दिसलं तर ती लाल कोळी नावाची कीड. त्याला कोरडी हवा मानवते, म्हणून तीन दिवसांआड सकाळी पानांच्या पाठी पाण्याच्या जोरानं धुवायच्या. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, साबणाचे थेंब घालून, तेही संध्याकाळीच. उन्हात मारलं तर पानच भाजतं.

एक मात्र तुमचं ऐकलं नाही. कुंडीखाली पाण्याची बशी ठेवलेली नाही. तिच्यात आठवड्यात डासांच्या अळ्या होतात. त्याऐवजी कुंड्या दोन विटांवर उचलल्यात, तापलेल्या स्लॅबची धगही लागत नाही.

बाकी दुपार तुम्ही म्हणाला होतात तशीच जाते. ऑफिस टाइमची फुलं नऊ-दहाला उघडून बसली आहेत, शिंजीर पक्षी जास्वंदीला लोंबकळून मध ओढतोय, माठात वाळा आहे. चार वाजून गेले की गुलबक्षी उमलू लागेल, तेव्हा उठायचं.

मोगऱ्याच्या कळ्या तेव्हाच काढायच्या, टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र पण मिटलेल्या. हिरवट छटेची कळी खुडली तर ती तशीच मिटून सुकते; जांभळट कळीत अळी असते, ती वेगळी काढून नष्ट करायची. आजच्या चांगल्या दोन ओंजळी ओल्या फडक्यात आणि वर केळीच्या पानात बांधून तुमच्याकडे पाठवतो आहोत. पुडा रात्री जेवणं झाल्यावरच सोडा.

आपले,
गच्चीवरच्या बागेतले सगळे