दहा लाख खेपा वाचवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आभार तुम्हाला एकटीला कळवता आले असते. पण तुमच्या मदतीचा फायदा आमचं ॲप्लिकेशन वापरणाऱ्या सगळ्यांनाच होतोय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

आमचं ॲप्लिकेशन जावातलं, ओपन सोर्स, सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांवर मोजमापं करणारं. शंभर प्रतिमा असल्या की शंभरदा तेच क्लिक. म्हणून मी स्क्रिप्टिंग, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहून हेच काम आपोआप करून घ्यायची सोय, द्यायला घेतलं. नॅशहॉर्न हे जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन जावा ८ पासून जावासोबत आयतंच यायचं, ते वापरलं. २०२० मध्ये जावा १५ मधून ते काढलं गेलं. नव्या जावावर आमचा कोड इंजिन मागायचा आणि हातात नल, म्हणजे 'काहीच नाही', यायचा. लोकांच्या स्क्रिप्ट एका रात्रीत बंद पडल्या.

तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "स्क्रिप्ट लिहिणार कोण?" लिहिणारे संशोधक, त्यांचा सगळा कारभार पायथन आणि नमपाय या त्याच्या आकडेमोडीच्या लायब्ररीमध्ये. मी जायथनकडे, म्हणजे जावाच्या आतच चालणाऱ्या पायथनकडे, वळलो होतो. ते पायथन २.७ वरच थांबलंय आणि नमपायचा सी भाषेतला भाग त्यात चालत नाही, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून माझे कितीतरी आठवडे वाचले. मग पायथन आणि जावा जोडणारं पायफोरजे घेतलं: पायथन एका प्रोसेसमध्ये, जावा दुसऱ्या, मध्ये निरोपांची ने-आण करणारं सॉकेट.

पहिल्या आवृत्तीत मी एकेक पिक्सेल मागत होतो. हजार बाय हजारची प्रतिमा म्हणजे सॉकेटवरून दहा लाख खेपा! तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: "पिक्सेल नको, अख्खा बाइट ॲरे मागा." सगळ्या पिक्सेलचा तो ॲरे एकदाच आला आणि नमपायने तो जसाच्या तसा उचलला.

पण मनापासून आभार मानायचेत ते त्या दोन संध्याकाळींचे. स्क्रिप्ट चालू असताना वापरकर्त्यांकडे ॲप्लिकेशनची खिडकी अधूनमधून गोठायची, आणि माझ्या मशीनवर कधीच नाही. तुम्ही माझ्यासोबत थ्रेड डंप, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं (थ्रेड) कुठे अडकलीत याची नोंद, ओळीओळीने वाचलात. स्क्रिप्टचा थ्रेड प्रतिमेचं लॉक (एका वेळी एकालाच प्रतिमा वापरू देणारं कुलूप) धरून 'इन्व्होक अँड वेट'मध्ये, म्हणजे स्विंगला काम सांगून ते होईपर्यंत, थांबलेला, आणि खिडकी सांभाळणाऱ्या स्विंगचा थ्रेड त्याच लॉकची वाट बघत बसलेला. चूक दिसल्यावरही तुम्ही ती स्वतः दुरुस्त केली नाहीत. "आधी लॉक सोडा, मग स्विंगकडे जा," म्हणालात आणि कोड मला लिहू दिलात. आज तो भाग मी झोपेतही समजावून सांगू शकेन.

ॲप्लिकेशनच्या आतले क्लास (कोडचे भाग) स्क्रिप्टसाठी जसेच्या तसे उघडे टाकायला तुम्ही नको म्हणालात, तेव्हा मी वाद घातला होता. उघडा, निवडा, मोजा, जतन करा, एवढ्याच मेथड, म्हणजे स्क्रिप्टला देता येणाऱ्या आज्ञा, बाहेर ठेवल्या. त्यानंतर प्रतिमा साठवण्याचा आतला ढाचा आम्ही पूर्ण बदलला, आणि एकाही वापरकर्त्याला स्क्रिप्टमधली एकही ओळ बदलावी लागली नाही.

योगदानकर्त्यांच्या यादीत नाव घालू का विचारलं, तर "कोड तुमचाच आहे" म्हणून तुम्ही टाळलंत. ताई, पुढच्या आवृत्तीत ते नाव घालू द्या, ही विनंती.

तुमचा,
स्क्रिप्टिंगवाला