संशोधनाचा परवाना पावसाळ्यापूर्वी मिळावा

महोदय,

पावसाळी पुरात प्रवाहाविरुद्ध चढून खडकाळ तळावर अंडी घालणाऱ्या महाशीर माशाची वाट धरणे अडवतात, त्यामुळे पेंच, कन्हान, वैनगंगा या नद्यांतील त्याच्या अभ्यासाची निकड मोठी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यातील शास्त्रीय अभ्यासाला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. मात्र माझ्या पुतणीने उन्हाळ्यात केलेल्या अर्जावरचा परवाना दिवाळीत हाती पडला, तोवर हंगाम सरला होता. पराचा (पोहण्याच्या पंखाचा) नखाएवढा तुकडा घेऊन मासा जिवंत सोडायचा, एवढेच तिचे काम होते. अशा अर्जांचा निर्णय मे अखेरपर्यंत व्हावा आणि नदीचा डोह न् डोह ठाऊक असलेल्या मासेमार ढिवर बांधवांची नावेही परवान्यात असावीत.

– एक वाचक, जि. भंडारा