दादा दिवाळीपर्यंत इथेच राहील

ती. आई-बाबांना सा. न.,

दादा दिवाळीपर्यंत पुण्यातच राहणार आहे. त्याच्याशी आणि वहिनीशी बोलून मी हे ठरवलं आणि तुम्हाला आता सांगतेय, याचं वाईट वाटतंय. पण फोनवर आई रडते, बाबा गप्प होतात आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय. वहिनी आणि मनू तुमच्याजवळच आहेत. दोन वेळच्या भाकऱ्यांना सरूमावशी येतील, त्यांचे पैसे मी दिलेत.

दादाच्या जनुकाचा रिपोर्ट आला. त्याला रेफ्समचा आजार आहे. बिघडलेल्या जनुकाचं नाव पेक्स-७, सहाव्या गुणसूत्रावरचं. बाबा, चर्चगेटच्या ऑफिसात तुमचा डबा यायचा ते आठवा. डबेवाला झाकणावरची खूण वाचायचा, आत काय आहे ते उघडून बघायचा नाही. आपल्या पेशींत पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. तिथं काम करणारी प्रथिनं बाहेर, पेशीच्या द्रवात तयार होतात आणि तयार घडी असलेलीच आत जातात. त्यातल्या मोजक्या प्रथिनांच्या सुरुवातीला नऊ अमिनो आम्लांची खूण असते. ती वाचणारं प्रथिन पेक्स-७ वरून बनतं. ते पेक्स-५ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला सोबत घेऊन पिशवीच्या दारापर्यंत जातं, माल आत पोचवतं आणि पुढच्या खेपेला परत येतं.

दादाचा हा डबेवाला अधू आहे. खेपा होतात, पण कमी. तो मुळीच नसता तर जन्मतःच दंड-मांड्या आखूड, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि अशी पुष्कळ मुलं लहानपणीच जातात. दादाला जेवढं मिळालं तेवढ्यावर तो शिकला, शेत पाहिलं, मनूला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरला.

जो माल अडतो त्यात फायटॅनिक आम्ल मोडणारं एन्झाइम आहे. हे एक स्निग्ध आम्ल, तिसऱ्या कार्बनवर फांदी असलेलं. त्या फांदीमुळे नेहमीच्या वाटेनं ते तुटत नाही, आधी पेरॉक्सिझोममध्ये एक कार्बन छाटावा लागतो. छाटणी नाही झाली की ते रक्तात, चरबीत, नसांत साठत जातं. हाच रेफ्समचा आजार. नॉर्वेच्या सिग्वाल्ड रेफ्सम यांनी १९४० च्या दशकात त्याचं वर्णन केलं.

आता मागचं सगळं जुळतं. दूध उतू जाऊन करपलं तरी दादाला वास येत नसे. रात्री मोटर चालू करायला जायचं तो टाळायचा, आणि आपण त्याला आळशी म्हणायचो. पायाचं चौथं बोट आखूड, पोटऱ्यांवर खवल्यांसारखी कातडी, हल्ली तळव्यांना मुंग्या आणि चालताना तोल जाणं. बाबा, तो सातवीत असताना तुम्ही त्याला मिरजेला डोळे दाखवायला नेलंत. ते साल १९९४. पेक्स-७ सापडलं १९९७ मध्ये आणि त्याचा रेफ्समशी संबंध कळला २००३ मध्ये. तेव्हा कुठल्याच डॉक्टरला हे सांगता आलं नसतं. तुमचं काही चुकलेलं नाही.

आणि आई, तू बाबांच्या मामाची मुलगी म्हणून हे झालं, असं म्हणत बसू नकोस. तुम्हा दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत आहे, बहुधा आमच्या एकाच पणजोबा-पणजीकडून आलेली. प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता होती. दादाला दोन्ही आल्या, माझ्याकडे एक आहे. एक प्रत असलेला माणूस आजारी पडत नाही. मनूकडेही एकच आहे, तिला काही होणार नाही. फक्त मनूला आणि माझ्या ओंकारला नवरा-नवरी म्हणून चिडवता ना, ते आजपासून बंद. नात्यात लग्न ठरवायचं नाही, हे दोघांनीही पक्कं ध्यानात घ्या.

फायटॅनिक आम्ल शरीर बनवत नाही, सगळं ताटातून येतं. हिरव्या पाल्याच्या रंगद्रव्यात फायटॉल बांधलेला असतो, तो फायटॅनिक आम्लाचा कच्चा माल. तो आपल्या पोटात सुटा होत नाही, म्हणून मेथी, पालक, चाकवत दादाला पोटभर चालतं. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू मात्र तो सोडवतात, त्याचं फायटॅनिक आम्ल होतं आणि ते दुधाच्या चरबीत, मटणात उतरतं. म्हणून तूप, लोणी, साय, खवा, पनीर, पेढे, मटण बंद. बांगडा, तारली असले तेलकट मासेही बंद. दूध-मटण खाणाऱ्याच्या पोटात दिवसाला साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम जातं, दादाला १० च्या आत ठेवायचंय. घरी साय काढून भागत नाही. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के चरबी, साय काढली तरी बरीच उरते. त्याचा चहा मशीनवर चरबी काढलेल्या दुधाचा. शेंगदाण्याचं तेल, नारळ, डाळी, नाचणी, अंडी सगळं चालतं. परवा पुरणपोळी केली, नारळाच्या दुधाबरोबर चार खाल्ल्या त्यानं. उपाशी नाही ठेवलेलं मी त्याला.

सगळ्यात मोठी भीती उपवासाची. उपाशी राहिलं की चरबी वितळते आणि तिच्यात साठलेलं आम्ल एकदम रक्तात येतं. गेल्या नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहिला आणि दसऱ्याला त्याच्यानं उठवेना, ते यामुळेच. देवीचा कोप नव्हता तो. यापुढे एकादशी नाही, महाशिवरात्र नाही, संकष्टी नाही, 'पोट सुटलंय, कमी खा' हे नाही. ताप किंवा उलट्या झाल्या तर तासातासाला गुळाचं किंवा साखरेचं पाणी द्यायचं, आणि दिवसभर काहीच टिकलं नाही तर दवाखान्यात नेऊन सलाईनमधून ग्लुकोज. दुखण्यावर आयब्युप्रोफेन असलेली गोळी द्यायची नाही, पॅरासिटामॉल चालते. बाबा, हा परिच्छेद कागदावर उतरवून फडताळाच्या दारावर लावा.

इथं त्याचं प्लाझ्माफेरेसिस चालू आहे. एका नळीनं रक्त बाहेर येतं, त्यातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव, वेगळा काढून टाकतात, त्याऐवजी अल्ब्युमिन हे रक्तातलंच प्रथिन घालून रक्त परत आत सोडतात. दोन-तीन तास लागतात, सुईपुरतंच दुखतं, तो पडल्यापडल्या कॉमेंट्री ऐकतो. पहिल्या तपासणीत फायटॅनिक आम्ल लिटरमागे ८६० मायक्रोमोल होतं, आता ३९०. पुढचं पथ्यानं हळूहळू उतरेल, चरबीतलं निघायला महिने लागतात. कातडी मऊ झालीय, पायांत ताकद येतेय. गेलेली नजर आणि वास परत येणार नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण आहे ती नजर जास्तीत जास्त टिकवायची, त्यासाठीच ही धडपड. हृदयाचे ठोके चुकू शकतात, म्हणून दर वर्षी ईसीजी.

तो यायच्या आधी गोठ्यातलं सगळं दूध डेअरीला घालायचं, तुमच्यापुरतं ठेवून. दादाची कढई आणि तवा वेगळा. बाबा, बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नाही, नाश्त्यानंतर. आई, गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय पायऱ्या उतरायच्या नाहीत.

आणि आई, वहिनी म्हणाली, महिनाभर तू ताटात तूप घेतलेलं नाहीस. का ते मला कळतं गं. लहानपणी तू दादाच्या भातावर जास्तीचा चमचा सोडायचीस म्हणून ना? तो चमचा कुणीही सोडला असता, मीही ताट पुढे करायचे. तुला तूप सोडायची काही गरज नाही, तू सोडल्यानं दादाचं एक मिलिग्रॅमही कमी होत नाही. उद्यापासून गरम भातावर घ्यायचं. रात्री फोन करेन तेव्हा बाबांना विचारणार आहे.

तुमची,
सुमी