पेन्सिलने लिहिलेल्या चार शब्दांसाठी

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

हवेतलं बाष्प मोजण्याचा आमचा जो तक्ता तुम्ही परत पाठवलात, त्यावर हवेच्या दाबाच्या रकान्याशेजारी पेन्सिलने चारच शब्द होते : ‘हा दाब कुठल्या उंचीवरचा?’ खाली बारीक अक्षरात ‘५६० मी.’ (पुण्याची उंची) आणि हेक्टोपास्कलमधली एक वजाबाकी. १०१६ वजा ९५२, बरोबर ६४. बाकी कागद कोरा. त्या चार शब्दांचे आभार मानायला हे पत्र. ते उघडपणे लिहायचं कारण एवढंच की पुण्यात, नाशकात, साताऱ्यात गच्चीवर जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांचे संकेत घेणारी) अँटेना लावलेल्या आणखी कोणाच्या तरी फाइलमध्ये हाच दाब आत्ताही बसलेला असणार.

दुखणं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारीत पुण्याच्या हवेत उणे पाणी दिसत होतं. उपग्रहाच्या संकेताला हवेतून येताना उशीर होतो आणि तो लांबीत मोजतात; त्यातला बाष्पामुळे होणारा ओला विलंब शून्याखाली चार-पाच सेंटीमीटर. त्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची उत्तरं अशी : अँटेना बदला. मल्टिपाथ (आजूबाजूला आपटून येणारे संकेत) असणार, पाण्याची टाकी हलवा. एका जाणकाराने तर सगळं आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर ढकललं. आता दोन फ्रिक्वेन्सी वापरल्या की आयनांबराचा जवळजवळ सगळा भाग निघून जातो, कारण तो फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो. तपांबर, म्हणजे हवामान घडतं तो खालचा थर, तसं नाही. फ्रिक्वेन्सी एल१ असो, एल५ असो की भारताच्या नाविक उपग्रहांचा एस बँड, सगळ्यांना ते सारखाच उशीर करतं, म्हणून तिथे वजाबाकीची युक्ती चालत नाही आणि मॉडेलच लागतं. हे सांगणं सोडून टाकीवर बोट ठेवलं गेलं. दाबाच्या रकान्याकडे कोणी पाहिलंच नाही, कारण १०१६ हा आकडा दिसायला अगदी धडधाकट. हवामानाच्या पत्रकात रोज असाच असतो.

आणि तो चुकीचाही नव्हता. पत्रकातला दाब समुद्रसपाटीवर उतरवून दिलेला असतो, नाहीतर नकाशावर समदाब रेषा काढताच येणार नाहीत. दाबावरून विलंब काढणाऱ्या सास्टामॉइनेनच्या १९७२च्या सूत्राला मात्र अँटेनाजवळचा दाब लागतो. डोक्यावरचा कोरडा (बाष्प सोडून बाकी हवेचा) विलंब म्हणजे ढोबळमानाने दाब गुणिले ०.००२२७६८ मीटर, अक्षांश आणि उंचीची दुरुस्ती त्यात किरकोळ. ९५२ हेक्टोपास्कलला २.१७ मीटर येतात, १०१६ घातले तर २.३२. फरक साडेचौदा सेंटीमीटरचा. सॉफ्टवेअर कोरडा भाग दाबावरून ठरवतं आणि उरलेलं सगळं ओल्याच्या खात्यात टाकतं. जानेवारीत खरा ओला विलंब जेमतेम दहा सेंटीमीटर, त्यातून साडेचौदा गेले, की हवेत उणे पाणी.

खरी मेख पुढे आहे. पावसाळ्यात ओला विलंब तीस सेंटीमीटर आणि वर जातो. त्यातून चौदा वजा झाले तरी उरलेला आकडा सरळमार्गी दिसतो, फक्त हवा जरा कोरडी वाटते. साडेसहा सेंटीमीटर ओला विलंब म्हणजे साधारण एक सेंटीमीटर बाष्पजल, म्हणजे जवळजवळ बावीस मिलिमीटर पाणी गायब, तेही ऐन जुलैत! त्याच हिशेबातून निघणाऱ्या अँटेनाच्या उंचीवरूनही चोर सापडत नाही. कोरडं आणि ओलं मॅपिंग फंक्शन (डोक्यावरचा विलंब तिरप्या दिशेला किती होतो ते सांगणारं गणित) बऱ्यापैकी सारखं असतं; ते वेगळं पडतं क्षितिजालगतच्या, दहा अंशांखालच्या उपग्रहांना. त्यामुळे साडेचौदा सेंटीमीटरची चूक उंचीत फार तर सेंटीमीटरभर उतरते, आणि तेवढ्यासाठी कोण रात्र जागवणार?

मॅडम, तुम्ही ‘चूक’ असं लिहिलं नाहीत. लाल शाईही वापरली नाहीत. प्रश्न विचारलात आणि वजाबाकी हाताने करून ठेवलीत, म्हणजे पुढचा माणूस स्वतःच तिथवर पोचेल. ज्याला येतं तो पाच मिनिटांत समोरच्याला मूर्ख ठरवू शकतो, ते सोपं असतं. दुसऱ्याचा तक्ता ओळीओळीने वाचायचा, आणि तोही स्वतःचं काम नसताना, याला वेगळीच माणसं लागतात. अशी माणसं कचेऱ्यांमध्ये बहुधा कोपऱ्यातल्या टेबलाशी सापडतात आणि त्यांच्या नावाची पाटी बाहेर नसते.

तुमच्या प्रश्नाचा धागा धरून बाकीच्या उंच्याही तपासल्या. रिसीव्हर देतो ती इलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारावरची उंची; पुण्याकडे ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून कमी भरते. तीच दाबाच्या सूत्रात घातली की सुमारे सात हेक्टोपास्कल, म्हणजे दीड सेंटीमीटर घसरगुंडी. उलट ठिकाण आणि तारखेवरून सरासरी दाब सांगणाऱ्या जीपीटी३ मॉडेलला इलिप्सॉइडवरचीच उंची हवी असते, तिथे समुद्रसपाटीची दिली तर घसरगुंडी दुसऱ्या बाजूला. शिवाय जीपीटी३ला ऋतू कळतात, आजचं हवामान कळत नाही. किनाऱ्यावर वादळ येऊन दाब वीसने पडला तर साडेचार सेंटीमीटर त्याच्या गावीही नसतात. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाच्या व्हीएमएफ३ फाइलींमध्ये दर सहा तासांचा कोरडा विलंब मिळतो, पण तो नकाशावरच्या एकेका अंशाच्या जाळीच्या स्वतःच्या उंचीवरचा असतो. एक अंश म्हणजे ११० किलोमीटर. कोकणपट्टी, घाटमाथा आणि देश त्यात सगळंच मावतं, आणि जाळीची उंची यांतल्या कोणाचीच नसते. अँटेनाच्या उंचीवर आणल्याशिवाय तो आकडा वापरू नये.

गगनच्या (विमानांसाठीच्या भारतीय उपग्रह-दुरुस्ती सेवेच्या) रिसीव्हरांमधल्या विलंबाच्या तयार तक्त्याबद्दल तर बोलायलाच नको. १५ अंश अक्षांशाखाली त्यात ऋतूच नाहीत, मे आणि जुलै एकच! विमानाला ते पुरतं, बाष्प मोजणाऱ्याला नाही.

शेवटची उंची सापडली ती आपल्याच इमारतीत. बॅरोमीटर तळमजल्यावर आणि अँटेना चौदा मीटर वर गच्चीवर : दीड हेक्टोपास्कल, साडेतीन मिलिमीटर. पेटीवर आता पट्टी चिकटवली आहे, ‘दाब इथला. वरचा हवा असेल तर १.५ वजा करा.’ पट्टीवरही पेन्सिलनेच लिहिलंय.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गच्चीवरच्या अँटेनावाले