बांध पेटवण्याआधी झुडपात डोकवा

मा. संपादक,

पावशाच्या 'पेरते व्हा'ची खान्देशातला शेतकरी दरवर्षी वाट पाहतो. हा पावशा स्वतः घरटं बांधत नाही. अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. चातकाचंही तेच. आणि सातभाईंची घरटी ज्या बोरी-बाभळीत, हिवरात असतात, ती झुडपं आपण मार्च ते मे या काळात बांधासकट पेटवून देतो.

आपल्या कोरड्या शिवारात मोठा सातभाई (सुमारे २८ सेंमी, डोळे फिकट पिवळे, उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या) आणि अंगावर रेघा असलेला लहान सातभाई (सुमारे २३ सेंमी, उंदरासारखा पळणारा) दिसतात. थव्यात सातच असतात असं मुळीच नाही. एक जण शेंड्यावर पहारा देतो, बाकीचे पालापाचोळा उलथून नाकतोडे, भुंगेरे, वाळवी टिपतात. पिलांना भरवायला आईबापांखेरीज थव्यातले इतरही राबतात. गुलाबी बोंडअळी मात्र बोंडाच्या आत असते, तिथे त्यांचा उपयोग नाही. उगाच तसा दावा करू नये.

घरटं वाटीसारखं, काटेरी फांद्यांत, बऱ्याचदा हात पोचेल इतक्या उंचीवर. अंडी तीन-चार, निळी, चकचकीत. उबवायला साधारण दोन आठवडे लागतात. पिलं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि झुडपाच्या बुडाशी लपतात. म्हणून 'झाड सोडलं, फक्त गवत पेटवलं' हे समाधान खोटं. मोठे पक्षीही लांब उडणारे नाहीत. थवा आपल्याच हद्दीत राहतो. शेजारच्या हद्दीत शिरला तर तिथला थवा हुसकावून लावतो.

छाटणी करायचीच तर ऑक्टोबर ते जानेवारीत करावी, तीही यंदा अर्धा बांध, पुढच्या वर्षी उरलेला. झुडूप बुडापासून तोडू नये. छाटलेले काटे जाळण्याऐवजी बांधावरच रचावेत, पिलांना आडोसा होतो. वेडी बाभूळ खुशाल काढा, पण शेजारी बोर किंवा हिवर उभं राहिल्यावर. पेरताना औषध चोळलेलं बियाणं वळणावर सांडतं, ते लगेच मातीआड करावं. सातभाई दाणेही खातात.

खरं मोठं नुकसान हल्ली पाणंद रस्त्यांवर होतं. मे महिन्यात जेसीबी एका दिवसात दोन्ही बाजू साफ करतो. झुडपं काढण्याचं काम ग्रामपंचायतींनी हिवाळ्यात उरकून घ्यावं, मुरूम-खडी उन्हाळ्यात टाकावी.

– काही पक्षिनिरीक्षक, अमळनेर परिसर